घराची लॅमिनेट जमीन : आखणी आणि बसवणी

घरी आलेला पाहुणा भिंतींचा रंग पाहतो, दिवाणखान्यातील आसने पाहतो; जमिनीशी मात्र घरच्याच माणसांचा दिवसरात्र संबंध येतो. आपल्या जुन्या घरांतून ही जमीन प्रथम शेणाने सारवलेली असे. पुढे शहाबादी फरशी आली, तिच्यामागून मोझॅइकच्या लाद्या आल्या आणि नंतर चकचकीत टाइल्सचा जमाना आला. गेल्या काही वर्षांत या मालिकेत लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेट फळ्यांची भर पडली आहे. जुनी फरशी उखडावी लागत नाही, सिमेंट-वाळूचा राडा होत नाही, एका दिवसात खोलीचे रूप पालटते, आणि हिवाळ्यात पायाला दगडाचा गारठा लागत नाही. इतके गुण एका मालात दिसल्यावर गृहस्थास मोह पडला तर नवल नाही.

तो मोह आम्हासही पडला. पहिल्या खेपेस आम्ही फसलो व दुसऱ्या खेपेस निभावलो. दोन्ही अनुभवांतून आणि नंतर जाणत्या कारागिरांकडे केलेल्या चौकशीतून जे हाती लागले, ते सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. हा माल आहे तरी काय?

बाजारात या फळ्यांना सर्रास 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतात. हे नाव ग्राहकास पहिल्याच पायरीवर चकविते. लॅमिनेटची फळी ही लाकडाची फळी नव्हे. ती चार थरांची बनलेली असते. सर्वांत वर मेलामाइन राळेत भिजविलेला पारदर्शक कागद असतो; त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय कठीण कण मिसळलेले असल्यामुळे तो घासला जाता सहसा झिजत नाही. त्याखाली लाकडाच्या रेषा छापलेला कागद असतो. सागवान, अक्रोड किंवा ओक म्हणून आपण जे पाहतो ते या कागदावरील चित्र होय. तिसरा व सर्वांत जाड थर म्हणजे लाकडाचे तंतू मोकळे करून, राळेत कालवून, मोठ्या उष्णतेत व दाबाखाली घट्ट केलेला पाट. त्यास व्यापारात एच.डी.एफ. म्हणतात. तळाशी पुन्हा राळेत भिजविलेला एक कागद असतो, तो फळीला वाकू देत नाही. घराघरांतील टेबलांवर व कपाटांवर जो सनमायका आपण पाहतो, त्याच कुळातील हा माल आहे, असे समजण्यास हरकत नाही.

या प्रकारच्या फरसबंदीचा शोध स्वीडनमधील पर्स्टोर्प या कंपनीने १९७७ साली लावला व पुढे 'पेर्गो' या नावाने ती युरोपच्या बाजारात आणली. आरंभी फळ्या एकमेकींस सरसाने चिकटवीत. १९९० नंतरच्या दशकात स्वीडनच्या व्हेलिंगे व बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी फळीच्या कडेलाच अशी खाच व जीभ कोरली, की एक फळी दुसरीत तिरपी घालून खाली दाबताच ती अडकून बसावी. यालाच 'क्लिक' पद्धत म्हणतात. तेव्हापासून ना सरस लागतो, ना खिळा.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात व पुढील सर्व नियम त्यांवरच उभे आहेत. पहिली अशी, की फळीचा माथा जरी कठीण असला तरी पोट तंतूंचे आहे, आणि तंतू पाणी पितो. हवेतील दमटपणानेही तो फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. दुसरी अशी, की ही जमीन खाली कशालाही जखडलेली नसते. खोलीभर फळ्यांची मिळून एकच मोठी चादर होते व ती अस्तरावर नुसती पडून राहते. ऋतुमानाप्रमाणे ती अंगभर किंचित पसरते, किंचित आवरते. तिला हलू दिले तर ती पुष्कळ वर्षे टिकते. अडविले तर उठते.

२. आमची फसगत

बेळगावातील आमचे घर जुने आहे. तळमजल्यावर मातोश्रींची खोली आहे व तेथे वडिलांच्या वेळची शहाबादी फरशी आहे. मातोश्री दिवसातून बराच वेळ खाली आसनावर बसतात. येथील हिवाळ्यात तो दगड फार गार पडतो व त्यांचे गुडघे धरतात. म्हणून आम्ही एका एप्रिल महिन्यात मनाशी ठरविले, की पावसाळ्यापूर्वी त्यांच्या खोलीत लॅमिनेट घालून घ्यावे. दुकानात गेलो, नमुने पाहिले, दरात घासाघीस केली आणि आपण व्यवहार चोख केला अशा समाधानात घरी आलो. चौथ्या दिवशी दोन माणसे आली व संध्याकाळपर्यंत काम करून गेली. कडेला फट दिसू नये म्हणून त्यांनी फळ्या भिंतींना अगदी भिडवून बसविल्या. ते पाहून आम्ही त्यांची सफाई वाखाणली. मग समोरासमोरच्या भिंतींशी दोन वजनदार कपाटे पूर्ववत उभी केली.

श्रावणात खोलीच्या मधोमध जमीन उचलू लागली. प्रथम पाय ठेवता ती दबे व सोडता वर येई. पुढे दोन फळ्यांचा सांधा उघडून त्याची कड वर आली आणि एके पहाटे मातोश्रींच्या पायाला तीच कड लागून त्या पडल्या. हाड मोडले नाही, ही कृपाच म्हणायची. परंतु त्यानंतर कित्येक दिवस त्या भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्या खोलीत चालत नसत, हे पाहून आम्हास जे वाटे ते येथे लिहीत नाही.

फळ्या काढल्या तेव्हा खाली कुबट वास होता. शहाबादीच्या सांध्यांवर पांढरे क्षार फुलले होते व फळ्यांच्या पाठी भिजून मऊ झाल्या होत्या. विक्रेत्याकडे गेलो. त्याने हमीपत्र पुढे केले; ओलीने झालेले नुकसान त्यात स्पष्ट वगळलेले होते. "शेठ, खोली तळमजल्यावरची आहे, हे आपण बोललाच नाहीत," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही बोललो नव्हतो, कारण त्याने विचारले नव्हते.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "अरे, त्या कोपऱ्यात पावसाळ्यात माझ्या ट्रंकेखाली दरसाल ओल येते. मी तिच्याखाली विटा घालते, ते काय उगाच? मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

विक्रेत्याने आम्हास विचारले नाही व आम्ही मातोश्रींस विचारले नाही. ही जमीन बिघडण्यास सुरुवात झाली ती या न विचारलेल्या प्रश्नापासून.

३. प्रथम जागेची परीक्षा

म्हणून आखणीचा आरंभ नमुना निवडण्यापासून न करता जागेच्या परीक्षेपासून करावा. मोरी, न्हाणीघर व जेथे पाणी सांडतेच अशी स्वयंपाकघरे यांत लॅमिनेटचा विचारच करू नये. बैठकीची खोली, निजण्याची खोली, अभ्यासिका व वरच्या मजल्यावरील खोल्या या मालास योग्य होत.

तळमजल्याच्या खोलीत विशेष सावधगिरी हवी. जुन्या घरांतून जोत्यात ओल अडविणारा थर बहुधा घातलेला नसतो. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे माती, चुना व सच्छिद्र दगड जमिनीतील पाणी हळूहळू वर ओढीत असतात. उघड्या फरशीवर हे पाणी येताक्षणी हवेत उडून जाते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. त्या फरशीवर फळ्यांचे झाकण घातले, की तीच वाफ खाली कोंडते आणि फळीच्या पोटात शिरते.

परीक्षा सोपी आहे. जाड प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोनी तुकडा फरशीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि निदान एक अहोरात्र तसाच ठेवावा. उचलल्यावर आतून दव दिसले किंवा खालची फरशी काळवंडलेली दिसली, तर ओल वर येत आहे असे जाणावे. एकाच जागी न करता कोपऱ्यात, मधोमध व बाहेरच्या भिंतीजवळ अशा तीन ठिकाणी ही परीक्षा करावी.

मात्र येथे एक मेख आहे. हीच परीक्षा आम्ही एप्रिलमध्ये केली असती, तरी फरशी कोरडी ठणठणीत निघण्याचा संभव होता. सह्याद्रीच्या लगत असलेल्या आपल्या मुलखात जमिनीखालच्या पाण्याचे खरे स्वरूप चैत्र-वैशाखात दिसत नाही. सबब परीक्षा भर पावसाळ्यात करावी आणि काम पाऊस सरल्यावर काढावे. यासाठी काही महिने थांबावे लागले तर थांबावे. त्याबरोबर घरातील वडील माणसांस, विशेषतः ज्या त्या खोलीत झाडलोट करतात त्या स्त्रियांस, पुढील गोष्टी विचाराव्यात: पावसाळ्यात कोठे ओल येते, कोणत्या भिंतीचा गिलावा फुगतो, वाळवी कोठे दिसली होती. वाळवीचा प्रश्न गौण नव्हे. लॅमिनेटचे पोट लाकडाच्याच तंतूंचे असल्यामुळे वाळवी ते खाऊ शकते. तिचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे.

परीक्षेत ओल दिसली तर लॅमिनेटचा नाद सोडावा. हल्ली कडांना मेण किंवा तत्सम लेप दिलेल्या, पाण्यास काही काळ दाद न देणाऱ्या फळ्याही मिळतात. परंतु हा लेप वरून सांडलेल्या पाण्यासाठी असतो. खालून वर्षानुवर्षे येणाऱ्या ओलीवर तो इलाज नव्हे. अशा जागी दगडी फरशी किंवा टाइल्सच बऱ्या. फळ्यांचेच रूप हवे असेल तर चुनखडीची भुकटी व प्लॅस्टिक यांपासून केलेल्या, एस.पी.सी. नावाने मिळणाऱ्या फळ्या पाण्याने फुगत नाहीत. मात्र खाली कोंडलेल्या ओलीने कुबट वास व बुरशी यांचा उपद्रव त्यांच्याखालीही होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

४. कोणत्या ऋतूत काम काढावे?

पावसाळ्यात बसविलेल्या फळ्या आधीच फुगलेल्या असतात. पुढे उन्हाळ्यात त्या आकसून सांध्यांत फटी दिसू लागतात. कडक उन्हाळ्यात बसविलेल्या फळ्या पूर्ण आवरलेल्या असतात. पावसाळ्यात त्यांना पसरण्यास जागा नसेल तर आमच्यासारखी गत होते. तेव्हा कार्तिक-मार्गशीर्षाचा सुमार, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, बेळगावकडे उत्तम. ज्यांचे आप्त गोव्यात आहेत त्यांनी तेथील हवा बारमाही दमट असते, हे लक्षात घ्यावे. इंदूर-ग्वाल्हेरकडे उन्हाळा फार कोरडा व पावसाळा दमट, म्हणून तेथे फळ्यांची वर्षभरातील हालचाल अधिक होईल असे धरून कडेच्या फटीविषयी अधिक दक्ष राहावे.

५. मोजमाप व खरेदी

दुसऱ्या खेपेस आम्ही माडीवरील खोली निवडली. तिचेच उदाहरण घेऊ. खोलीची लांबी ४.२० मीटर व रुंदी ३.२० मीटर. क्षेत्रफळ १३.४४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४५ चौरस फूट. कापाकापीत वाया जाणाऱ्या मालासाठी शेकडा १० धरले, तर १४.७८ चौरस मीटर माल लागतो. आम्ही घेतलेली फळी १२१५ मिलिमीटर लांब, १९५ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड होती. अशा आठ फळ्यांची पेटी १.९० चौरस मीटरला किंचित कमी भरते. हिशेबाने पावणेआठ पेट्यांहून थोडा अधिक माल होतो, म्हणजे आठ पेट्या झाल्या. नववी पेटी आम्ही मुद्दाम घेतली व ती माळ्यावर ठेवली आहे. पुढे एखादी फळी बदलण्याची वेळ आली तर त्याच छापाचा माल बाजारात मिळेलच असा भरवसा नाही. सर्व पेट्यांवरील उत्पादनाचा क्रमांक एकच आहे ना, हेही दुकानातच ताडून पाहावे.

मालाची प्रत ओळखण्याची खूण अशी. माथ्याच्या झिजण्याच्या शक्तीप्रमाणे युरोपीय मानकात एसी-१, एसी-२ अशा चढत्या पायऱ्या केलेल्या आहेत. घरास एसी-३ किंवा एसी-४ पुरेशी होते. ज्या दुकानात ग्राहकांची सतत वर्दळ असते तेथे एसी-५ पाहावी. परंतु हा आकडा माथ्याच्या झिजेचा आहे, पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. एसी-५ म्हणजे पाण्यास पक्की, असा समज कोणी करून घेऊ नये. राळेतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचे प्रमाण मर्यादित असल्याची खूण ई-१ ही होय. निजण्याच्या खोलीसाठी ती अवश्य पाहावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दर फळीचा सांगितला जातो, पण खर्च सबंध कामाचा होतो. फळ्या, खालचे प्लॅस्टिक, फोमचे अस्तर, स्कर्टिंग, दारातील पट्टी, जमीन समपातळीत आणण्याचा खर्च, दाराच्या झडपा तासण्याची मजुरी आणि बसविण्याची मजुरी अशी आठही कलमे अंदाजपत्रकात वेगवेगळी लिहून घ्यावीत. हमीपत्र पैसे देण्यापूर्वी वाचावे. आम्ही नंतर वाचले.

६. जमिनीची तयारी

लॅमिनेट घालण्यासाठी जुनी फरशी काढावी लागत नाही, हे खरे. परंतु ती सपाट असावी लागते. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवून पाहावी. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून अधिक पोकळी दिसता कामा नये. तशी दिसल्यास उंचवटा घासून काढावा व खड्डा सिमेंटच्या लेपाने भरून पूर्ण वाळू द्यावा. हे न केल्यास फळी पोकळीवर प्रत्येक पावलागणिक दबते व कालांतराने तिची जीभ मोडते. पाणसळीत थोडा उतार असला तर चालतो. खळगा चालत नाही. हलणाऱ्या लाद्या आधी पक्क्या कराव्यात व सर्व केरकचरा काढावा, कारण अस्तराखाली राहिलेला एक खडाही पुढे आवाज करतो.

माल बंद पेटीतच, आडवा ठेवून, ज्या खोलीत बसवावयाचा त्याच खोलीत निदान ४८ तास राहू द्यावा. गोदामातील हवेतून आलेली फळी घरच्या हवेशी जुळते, मग बसवावी.

फळी व अस्तर मिळून जमीन सुमारे एक सेंटिमीटर उंच होते. तेव्हा आत उघडणारे दार अडेल की काय हे आधी पाहावे. दाराच्या लाकडी चौकटीभोवती फळी कापून नक्षी करीत बसण्यापेक्षा अस्तराच्या तुकड्यावर फळी उलटी ठेवून तिच्या उंचीने चौकटीचा तळ करवतीने कापावा व फळी खाली सरकवावी. जाणता सुतार असेच करतो.

७. फळ्यांची आखणी व बसवणी

फळ्यांची लांबी सामान्यतः खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने, किंवा खोलीच्या लांब बाजूस समांतर ठेवतात. आमच्या खोलीत दोन्ही दिशा एकच होत्या.

पहिली फळी ठेवण्यापूर्वी ओळींचा हिशेब कागदावर करावा. रुंदी ३२०० मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी दहा-दहा मिलिमीटर फट सोडली, म्हणजे ३१८० राहिले. १९५ ने भागता पुऱ्या १६ ओळी होऊन ६० मिलिमीटर उरतात. शेवटची ओळ एवढी चिंचोळी ठेवली तर ती दिसण्यास वाईट व बसण्यास नाजूक. म्हणून एक पुरी ओळ व हे उरलेले ६० एकत्र केले, २५५ झाले. त्याचे दोन समान भाग करून पहिली व शेवटची ओळ प्रत्येकी साडेसत्तावीस अधिक शंभर, म्हणजे १२७.५ मिलिमीटरची ठेवली व मध्ये १५ ओळी पुऱ्या घातल्या. कागदावरील पाच मिनिटांच्या या गणिताने खोलीची दोन्ही टोके सारखी दिसली.

लांबीचेही तसेच. ४२०० मधून दोन्ही टोकांच्या फटी वजा जाता ४१८० राहतात. त्यात तीन फळ्या पुऱ्या बसून चौथीचा ५३५ मिलिमीटरचा तुकडा लागतो. उरलेला सुमारे ६८० चा तुकडा दुसऱ्या ओळीच्या आरंभी घालावा. असे केल्याने माल वाचतो व लगतच्या ओळींचे सांधे एका रेषेत येत नाहीत. या सांध्यांत निदान ३० सेंटिमीटर अंतर असावे. विटांच्या भिंतीत गवंडी सांधा मोडतो तोच हा न्याय होय. दुसऱ्या ओळीअखेर मात्र जेमतेम १४५ चा तुकडा उरतो, तो कामाचा नाही. शेकडा १० ची तूट धरावयाची ती अशा तुकड्यांसाठी.

खाली प्रथम २०० मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिक अंथरावे. दोन पट्टे जेथे जुळतात तेथे २० सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन चिकटपट्टी लावावी व कडा भिंतीवर थोड्या चढवाव्यात. हे प्लॅस्टिक मामुली दमटपणा अडविते. ओलसर जमिनीस कोरडी करीत नाही. त्यावर दोन ते तीन मिलिमीटरचे फोमचे अस्तर अंथरावे. अस्तर जाड तेवढे चांगले, असे पुष्कळांस वाटते. ते चूक आहे. गादीसारख्या अस्तरावर सांधे वरखाली होऊन तुटतात.

जुन्या घरांच्या भिंती क्वचितच सरळ असतात. म्हणून पहिली ओळ भिंतीस धरून न लावता ताणलेल्या दोरीस धरून लावावी. फळी व भिंत यांत दहा मिलिमीटरच्या लाकडी पाचरी ठेवाव्यात. पुढची फळी तिरपी धरून जीभ खाचेत घालावी व खाली दाबावी. ठोकण्याची गरज पडल्यास मध्ये लाकडी ठोकळा घ्यावा. फळीच्या कडेवर हातोडी थेट मारू नये. हातकरवतीने कापताना फळीचा माथा वर असावा आणि विजेच्या हातकरवतीने कापताना खाली असावा, म्हणजे कड फुटत नाही. कापण्याचे काम गच्चीत किंवा अंगणात, नाकातोंडावर फडके बांधून करावे. दोन-तीन पेट्यांतील फळ्या मिसळून घेत जाव्यात, म्हणजे छाप पुनःपुन्हा शेजारी येत नाही.

काम पुरे होताच पाचरी आठवणीने काढाव्यात. ती दहा मिलिमीटरची फट म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. तेच या जमिनीचे श्वास घेण्याचे ठिकाण आहे. एका मीटरला सुमारे एक मिलिमीटर फुगवटा येऊ शकतो असे कारागीर धरून चालतात. त्या हिशेबाने चार मीटरच्या खोलीस दोन्हीकडची मिळून वीस मिलिमीटर जागा भरपूर होते. फटीत सिमेंट किंवा लांबी भरू नये. ती स्कर्टिंगने झाकावी आणि स्कर्टिंग भिंतीस ठोकावे, फळ्यांस कधीही नव्हे. खोल्या लागून असतील तर दारात सांध्याची पट्टी घालून दोन्ही जमिनी वेगळ्या ठेवाव्यात. आठ-दहा मीटरहून लांब दिवाणखान्यातही मध्ये अशी पट्टी घालावी लागते. दार अडविण्याची खुंटी फळीतून स्क्रूने खाली ठोकू नये. समोरासमोर फार जड कपाटे ठेवून दोन्ही टोके दाबून धरू नयेत. एका बाजूस ठेवावीत, म्हणजे दुसरी बाजू मोकळी राहते.

८. निगा

आपल्याकडे सणापूर्वी घर बादल्यांनी धुण्याची चाल आहे. ही चाल लॅमिनेटच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर थांबली पाहिजे, व हे घरातील गड्यामाणसांस आरंभीच समजावून सांगितले पाहिजे. रोज मऊ केरसुणीने झाडावे. पुसावयाचे तर फडके घट्ट पिळून घ्यावे. पाणी सांडल्यास लगेच टिपावे. मेण किंवा पॉलिश लावू नये, कारण माथा राळेचा असल्यामुळे ते आत मुरत नाही व उलट निसरडेपणा वाढतो. खुर्च्या-मेजांच्या पायांस नमद्याचे तुकडे चिकटवावेत. दाराबाहेर पायपुसणे ठेवावे. वाळूचा बारीक कण या माथ्याचा मोठा शत्रू आहे. आणि लॅमिनेट घासून नवे करता येत नाही, हे विसरू नये. खऱ्या लाकडाची जमीन तासून पुन्हा चकाकते. येथे छाप गेला की फळीच बदलावी लागते.

९. विक्रेत्या बंधूंस दोन शब्द

माडीवरील ती खोली आज चार पावसाळे पाहून आहे व कोठे सांधा उघडलेला नाही. मातोश्रींच्या खोलीत आम्ही शहाबादीच राहू दिली. तिचे सांधे साफ करून पुन्हा भरले आणि वर जाड सतरंजी घातली. ती आठ-पंधरा दिवसांनी उन्हात टाकता येते. गुडघ्यांचा प्रश्न सतरंजीने पुष्कळ सुटला. हा उपाय एवढा स्वस्त होता, की तो सुचण्यास एवढा खर्च का व्हावा, असे आता वाटते.

आमच्या संघाचे कित्येक सभासद बांधकामाच्या सामानाचा व्यापार करतात. आम्हीही दुकानात बसणारेच आहोत. म्हणून हे लिहिताना बोट एकट्या त्या विक्रेत्याकडे दाखविणे आम्हास शोभणार नाही. त्याने वजनात मारले नाही, मापात मारले नाही, खोटे एक अक्षरही बोलला नाही. तरीही आमच्या घरात एक वृद्ध स्त्री पडली. आपल्या गल्ल्यावर बसून आम्ही त्यानंतर मागचा हिशेब आठवून पाहिला, तेव्हा ग्राहकाने मागितले ते देऊन मोकळे झालो, काय कामासाठी हवे ते विचारले नाही, असे किती प्रसंग निघाले म्हणता!

तेव्हा जे बंधू हा माल विकतात त्यांनी नमुन्याची वही उघडण्यापूर्वी ग्राहकास चार प्रश्न विचारावेत: खोली कोणत्या मजल्यावर आहे, पावसाळ्यात तेथे ओल येते काय, तेथे पाणी किती सांडते, आणि त्या जमिनीवर कोण चालणार आहे. उत्तरे ऐकून एखादे वेळी "हा माल आपल्या खोलीस योग्य नाही" असे सांगावे लागेल व त्या दिवसाची विक्री हातची जाईल. परंतु तो ग्राहक पुढे टाइल्स घ्यावयासही त्याच दुकानात येईल, आणि आपल्या मुलासही तेथेच पाठवील. ज्यांना हा माल घ्यावयाचा आहे त्यांनी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हेच चार प्रश्न आपल्या घरातील सर्वांत वडील माणसास विचारावेत. त्यास पैसा पडत नाही, आणि उत्तर बहुधा घरातच असते.